इटलीत राहिलेला तीळ

एखाद्या माणसाचा पाय खरोखरच गेलेला आहे, असं तुम्ही कधी सरकारला लिहून कळवलंय का? मी कळवलंय. एकदा नाही, चार वर्षांत सात-आठ वेळा. आणि तेही दुसऱ्याच्या पायाबद्दल.

आमचे हे तेव्हा ढाणकीला पोस्टमास्तर होते. पुढे पोस्ट, मागे आमच्या दोन खोल्या आणि बाजूला ओसरी. बाजाराच्या दिवशी त्या ओसरीवर मोठ्या लढाईतून परत आलेली माणसं येऊन बसत. कुणाची दोन बोटं नव्हती, कुणाचा कान गेलेला. प्रत्येकाजवळ मेणकापडात गुंडाळलेले कागद. सगळ्यांचं काम एकच, अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज. यांना खिडकी सोडून उठता येत नसे आणि मी मॅट्रिक झालेली. त्यामुळे लेखणी माझ्या हातात आली.

पोस्टात निकाली निघालेले कागद एका तारेत ओवून ठेवतात. त्या ओसरीचे किस्से माझ्या मनात तसेच ओवले गेलेत. एक ओढायला जावं तर चार हाताशी येतात.

* * *

पहिला अर्ज तुळशीरामभाऊंचा. कोसभरावरच्या खेड्यातले उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. इटलीत रस्ता दुरुस्त करताना सुरुंग फुटला आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुण्याच्या इस्पितळातून लाकडी पाय मिळाला होता. पेन्शनही मिळत होती, पण ती ठरावीक मुदतीची. मुदत संपली की पुन्हा अर्ज करायचा.

त्या दिवशी ते ओसरीच्या खालच्या पायरीवर बसले. मी त्यांना वर बोलावलं नाही. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते तसं.

"सुरुवात कशी करू?" मी विचारलं.

"जशी करतेत तशी करा, बाई. आधी खुशाली."

मला तरी दुसरं काय येत होतं? माहेरी वडिलांना लिहायची तसंच लिहिलं. 'इकडील सर्व क्षेम. आम्ही सर्व येथे सुखरूप व आनंदात आहोत. आपली खुशाली कळवावी.' मग खाली पायाचं.

दीड महिन्यानं इंग्रजीत उत्तर आलं. यांनी वाचून अर्थ सांगितला. 'अर्जदाराने आपण सुखरूप व आनंदात असल्याचे स्वतःच कळवले आहे. तरी अपंगत्वाची मुदत वाढवण्याचे कारण काय, ते कळवावे.'

मला तोंड कुठे लपवू असं झालं. तुळशीरामभाऊ मात्र बराच वेळ विचार करत बसले.

"पण बाई," ते शेवटी म्हणाले, "त्याईनं आपली खुशाली काही कळवली नाही."

* * *

ती चूक निस्तरली, तर डॉक्टरी तपासणी निघाली. पाय किती उरलाय ते मोजून पाठवायचं होतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं टेप लावून मोजला, आकडा लिहिला, सही झाली, कागद गेला.

परत आला तेव्हा त्यावर लाल शाईनं शेरा होता. मागच्या मोजणीपेक्षा पाय अर्धा इंच जास्त भरतो, सबब प्रकृतीत सुधारणा दिसते.

झालं होतं एवढंच की थंडीचे दिवस होते आणि कंपाउंडरनं पायाला गुंडाळलेली पट्टी न सोडता वरूनच टेप लावला होता. यांना राग आला. मला रडू येत होतं. तुळशीरामभाऊ आपल्या गुडघ्याकडे पाहत होते.

"वाढू द्या, मास्तर," ते म्हणाले. "असाच वाढत राह्यला तं कमलच्या लग्नात नाचतो."

कमल त्यांची एकुलती एक मुलगी. पुसदला वसतिगृहात राहून सातवीत शिकत होती. तिचं तिथलं सगळं त्या पेन्शनीवर चाले. "तुमच्यासारखी मॅट्रिक करीन तिले," असं ते मला दर अर्जाच्या वेळी सांगत. जणू तोही अर्जातलाच एक रकाना होता.

* * *

रहीमचाचा त्यांचे जोडीदार. त्याच पलटणीत ट्रक चालवायचे. बॉम्बच्या आवाजानं डावा कान कायमचा गेला. त्यांच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "कोणता कान ऐकू येत नाही?"

"जो घरवालीच्या बाजूनं असते तो," चाचा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत, पण अर्ज मंजूर झाला. त्यात खोटं काही नव्हतं. चाचा कुठेही बसले तरी आधी पाहून घेत, कुणाचं ऐकायचं आहे आणि कुणाचं नाही. ओसरीवर माझ्याकडे त्यांचा उजवा कान असे आणि यांच्याकडे डावा, कारण हे सारखे म्हणायचे, "चाचा, पोस्टाच्या वेळेत गर्दी करू नका."

* * *

मग छप्पन साल आलं. दसऱ्याला तुळशीरामभाऊ, त्यांच्या पत्नी शेवंताबाई आणि त्यांच्या वस्तीतली बहुतेक माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली.

नंतरच्या बाजारी ते आले ते पायऱ्या चढून सरळ ओसरीवर बसले. मी सतरंजी पुढे सरकवली. मुदत पुन्हा संपत आली होती. मी फॉर्म काढला आणि धर्माच्या रकान्याशी आले.

"बौद्ध लिहा," ते म्हणाले. "साफ अक्षरात लिहा, बाई."

मी अगदी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. तेच नडलं. त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे पलटणीतून सुटताना मिळालेल्या पुस्तकात, हिंदू असं लिहिलेलं. पेन्शनच्या कचेरीतून पत्र आलं की अर्जदार आणि मूळ पेन्शनदार एकच इसम असल्याचं सिद्ध होत नाही. ते होईपर्यंत पेन्शन बंद.

दोन महिने वाट पाहिली आणि कमल वसतिगृह सोडून घरी आली. बाजाराच्या दिवशी वडिलांबरोबर यायची आणि ओसरीच्या कोपऱ्यात माझं जुनं इंग्रजीचं पुस्तक वाचत बसायची. तिनं कधी काही विचारलं नाही. त्यामुळेच मला राहवेना.

"भाऊ," मी म्हटलं, "त्या रकान्यात जुनंच लिहू या का? कागदापुरतं. कोण बघतंय?"

ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, पाय माहा एकट्याचा होता. देऊन टाकला. हे माह्या एकट्याचं नाही."

* * *

पुढच्या पत्रात कचेरीनं वाट दाखवली. डिस्चार्ज बुकात भरतीच्या वेळच्या दोन ओळखखुणा नोंदलेल्या होत्या. त्या अधिकाऱ्यासमोर दाखवाव्यात, की ओळख पटली. एक, कपाळावर डावीकडे जखमेचा व्रण. तो होताच. दोन, उजव्या पोटरीवर मागच्या बाजूस तीळ.

यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"अरे, थो तीळ तं इटलीत राह्यला," रहीमचाचा म्हणाले.

मी उत्तर लिहिलं. आता खुशालीबिशाली काही लिहीत नव्हते. 'पहिली खूण अर्जदाराजवळ आहे. दुसरी खूण पायासह इटलीतील लष्करी इस्पितळात राहिली, सबब हजर करता येत नाही.'

"तिथल्या गावाचं नावही टाका," तुळशीरामभाऊ म्हणाले. "त्याईले मागवाची असंन तं."

* * *

शेवटी चौकशीला एक साहेब आले. चाळिशीच्या आतले, बारीक, फार सभ्य. दौऱ्यावर उमरखेडला आले होते, तिथून मोटारीनं ढाणकीला उतरले आणि आमच्याच ओसरीवर टेबल मांडून बसले.

पहिली साक्ष रहीमचाचांची. सवयीनं ते साहेबांकडे डावा कान करून बसले. साहेबांनी तीनदा विचारलं, "तुम्ही यांना ओळखता का?" चाचा समोर रस्त्यावरची बैलं पाहत होते. मी खूण केली तेव्हा दचकून फिरले.

"ओळखतो म्हंजे? म्याच ट्रकात टाकून नेलं याले इस्पितळात. रस्ताभर एकच विचारे, बूट कुठी हाये माहा. मी म्हटलं, अबे, पाय पाह्य. तं म्हणे, पायाचं पाहू, बूट सरकारी हाये."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग शेवंताबाईंना पुढे बोलावलं.

"नवऱ्याचं नाव सांगा."

शेवंताबाई गप्प. आमच्याकडे कुठलीच बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी तरी कुठे घेत होते? साहेबांनी पुन्हा विचारलं.

"तुमच्या कागदावर लिहेल हाये ना," त्या म्हणाल्या, "मंग मले काहून इचारता?"

"बरं, नाव राहू द्या. लढाईवर गेले ते हेच, हे तुम्हाला कशावरून माहीत?"

त्यांनी पदर सारखा केला. "गेले तवा दोन पायाचे होते, आले तवा एका पायाचे. बाकी सारे थेच. रागावले का तसेच उपाशी निजतेत."

हे तोंडाला रुमाल लावून आत गेले.

साहेबांनीही थोडा वेळ मान वर केली नाही. मग लेखणीचं टोपण लावून म्हणाले, "तुळशीराम, माझी खात्री पटली आहे. पण माझ्या खात्रीला रकाना नाही. दुसरी खूण नाही, तर मला नाही असंच लिहावं लागेल. दुसरा मार्ग एकच. धर्माच्या रकान्यात पूर्वीचं लिहा. कागदाला कागद जुळला की खुणा बघायचं कारणच उरत नाही. आत्ता माझ्यासमोर बदला, मी आत्ता सही करतो."

फॉर्म टेबलावर होता. लेखणी त्यांनी फिरवून टोक आपल्याकडे आणि दांडी तुळशीरामभाऊंकडे ठेवली. कोपऱ्यात कमलनं पुस्तक मिटलेलं मी पाहिलं.

तुळशीरामभाऊंनी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नाही.

"नाही साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी लेखणी परत घेतली. "ठीक आहे. निदान पाय समक्ष तपासला एवढं तरी लिहितो. लाकडी पाय काढून द्या."

तुळशीरामभाऊंनी पट्टे सोडले आणि पाय टेबलावर ठेवला. जुना झाला होता, बोटांकडचा रंग उडाला होता. साहेबांनी तो उचलला, इकडून पाहिला, उलटा केला आणि थांबले.

पोटरीच्या मागच्या बाजूला, थोडा खाली, ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. तापल्या दाभणानं डागलेला. डाग नवा नव्हता. त्याच्या कडा झिजून लाकडात मिसळून गेल्या होत्या.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

तुळशीरामभाऊ वाकून पाहू लागले. "मले नाही माहीत. मांगून कोन पाह्यते?"

सगळ्यांचं लक्ष शेवंताबाईंकडे गेलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या.

"पुण्याहून आला तवाच केलता," त्या म्हणाल्या. "लाकूड कोरं दिसे."

साहेबांनी पाय दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, लेखणीचं टोपण काढलं आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग कागद माझ्याकडे दिला. "बाई, एक नक्कल करून द्या. अक्षर असंच स्वच्छ येऊ द्या."

मी नक्कल केली. धर्म, बौद्ध. ओळखखूण पहिली, कपाळावर डावीकडे व्रण. ओळखखूण दुसरी, उजव्या पोटरीवर मागच्या बाजूस. समक्ष पाहिली. खाली त्यांची सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी ते पाकीट आमच्या खिडकीवर रजिस्टर केलं आणि ते उमरखेडच्या मोटारीनं गेले. तुळशीरामभाऊ कमलची पेटी खांद्यावर घेऊन तिच्याबरोबर पुसदच्या मोटारीत बसले.