पार्ट एकमेकांना बसतील का

मी घरी बसून लोकांच्या स्वयंपाकघरांची आणि कपाटांची चित्रं काढते. इंटिरिअरचं काम घेणारे कंत्राटदार मला मापं पाठवतात, आणि ओटा, ट्रॉल्या, कपाटं तयार झाल्यावर कशी दिसतील ते मी कॉम्प्युटरवर उभं करून देते. गिऱ्हाईक चित्र पाहून हो म्हणतं, मग सुतार कामाला लागतो. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या खिडकीखाली माझं टेबल आहे. तिथेच एका दुपारी काम अर्ध्यावर असताना कॉम्प्युटर बंद पडला. जळकट वास आला. मी प्लग ओढून काढला आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिले, आत साप निघाल्यासारखी.

दुरुस्तीवाल्याने आतला मुख्य बोर्ड गेल्याचं सांगितलं. एवढ्या जुन्या मशीनवर आता खर्च करू नका, म्हणाला. माझ्या कामाला लागतो तसा तयार कॉम्प्युटर आमच्या आवाक्याबाहेर होता. नवरा सिन्नरला एमआयडीसीत नोकरी करतो. तो म्हणाला, "पार्ट सुटे घेऊन जोडला तर बरंच वाचतं म्हणे. तूच बघ ना. तुला कळतं त्यातलं."

मला कळतं असं त्याला वाटत होतं, तिथेच सगळी पंचाईत होती. मला चालवता येत होता. आत काय असतं ते मी कधी नीट पाहिलंही नव्हतं.

मग मी वाचायला बसले. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, लोकांचे सवालजवाब वाचले, आणि जितकं वाचलं तितकी घाबरत गेले. प्रोसेसर चांगला मिळतोय, पण तो या बोर्डाच्या खोबणीत बसत नाही. रॅम स्वस्त आहे, पण जुन्या पिढीची, आणि बोर्डाला नव्या पिढीची लागते. ग्राफिक्स कार्ड परवडतंय, पण कॅबिनेटपेक्षा बोटभर लांब. वीज पुरवणारा डबा हलका घेतला तर तो जळताना बाकीच्यांनाही घेऊन जातो, असं एकाने लिहिलं होतं. ते वाक्य भाजी परततानाही माझ्या डोक्यात असायचं. प्रत्येक पार्ट एकेकटा पाहिला तर उत्तम होता. पण ते सगळे एकमेकांशी जमवून घेतील का, हे जोडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पेटी फोडली की दुकानदार माल परत घेत नव्हते. एक चुकलं तर दुसऱ्यांदा घ्यायची आमची ऐपत नव्हती. रोज मी एक जुळणी पक्की करायची आणि दुसऱ्या दिवशी मोडायची.

त्याच सुमाराला वडील आमच्याकडे आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. लासलगावच्या मार्केट यार्डात त्यांनी हमालांचे मुकादम म्हणून आयुष्य काढलं. आता त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गढूळ झाले होते आणि नाशिकला एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तपासणीला मी बरोबर गेले. तिथल्या बाईंनी आमच्यापुढे डोळ्यात बसवायच्या भिंगांचे प्रकार मांडले. हे आपल्याकडचं, हे बाहेरचं, याने लांबचं दिसेल, याने जवळचंही. प्रत्येकाखाली किंमत. इतके दिवस मी हेच करत होते, पण बोर्ड चुकला तर बोर्डच वाया जाणार होता.

आम्ही मधल्या किमतीचं भिंग निवडलं. रिक्षात बसलो. दादा म्हणाले, "म्हंजी डोळ्यात पार्टच घालायचा ना?"

"हो दादा. काचेसारखा छोटासा."

"आन् तो मला बसंल का?"

"माप घेतलंय ना त्यांनी आत्ता."

"माप तू बी घेती. तरी रोज बदलती."

दादांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून होते, आणि मी ते न पाहिल्यासारखं केलं.

शेवटी पार्ट घेतले. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात जुन्या स्टॉकमधला एक बोर्ड कमी भावात मिळाला, प्रोसेसर मात्र नव्यातला घेतला. खोबण तीच आहे हे मी पुन्हा पुन्हा पडताळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कंपनीच्या बसने गेल्यावर जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं आणि सगळं मांडलं. दादा जवळ खुर्ची घेऊन बसले. त्यांना फारसं दिसत नव्हतं, पण त्यांना तिथेच बसायचं होतं.

बोर्डाच्या खोबणीत केसासारख्या बारीक पिनांची दाटी असते. त्यातली एक वाकली तरी बोर्ड संपला. प्रोसेसर मी दोन बोटांनी अलगद ठेवला. मग वरची दांडी खाली दाबायची होती. ती दाबताना कर्रर्र असा आवाज आला, आणि मी किंचाळलेच.

"काय मोडलं?" दादा उभे राहिले.

"काही नाही. असाच आवाज येतो म्हणे." तसं वाचलं होतं खरं, तरी मी वाकून पुन्हा एकदा पाहिलं.

सगळं जोडलं. दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, आतले दिवे लागले, आणि पडदा काळाच राहिला. बोर्डाच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या नावाशेजारी एक लाल ठिपका लागला होता. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मी दुकानात फोन केला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, बोर्ड जुन्या स्टॉकचा आहे. प्रोसेसर त्याच्या नंतर आलाय. बोर्डाला तो ओळखूच येत नाहीये. बोर्डातला प्रोग्राम, म्हणजे बायोस, अपडेट करावा लागेल."

"ते तुम्ही विकताना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सगळं ठरवूनच आला होतात ना."

ते काम करणारा त्यांचा माणूस गावाला गेला होता, पुढच्या आठवड्यात येणार होता. ज्याचं काम अर्ध्यावर अडलं होतं त्या कंत्राटदाराचा मात्र रोज फोन येत होता, आणि त्याने दुसरीकडे विचारणा सुरू केल्याचं माझ्या कानावर आलं होतं. दुकानदाराने सांगितलं की घरीही करता येतं. बोर्डाच्या पाठीमागे त्यासाठीच एक बटण आहे. पेन ड्राइव्हवर फाइल टाकायची, ठरलेल्या जागी लावायची, बटण दाबून धरायचं. एक दिवा लुकलुकायला लागेल. तो आपणहून थांबेपर्यंत हात लावायचा नाही. "आणि मॅडम, मधेच लाइट गेली तर बोर्ड मेला समजा."

लाइट. सिंहस्थाच्या कामांसाठी आमच्या गल्लीत रस्ता खोदला होता. जेसीबीचा दात कुठे लागायचा आणि केव्हाही वीज जायची, कधी क्षणभर, कधी तासभर. घरातला इन्व्हर्टर पंखे आणि ट्यूब चालवायचा, पण वीज जाऊन तो सुरू होईपर्यंत कॉम्प्युटर बंद पडायचाच.

नवऱ्याने ऑफिसमधून फाइल पेन ड्राइव्हवर आणून दिली. "रविवारी मी असताना करू," म्हणाला. पण रविवारी दादांना ऑपरेशनला घेऊन जायचं होतं. आदल्या दिवशी तो कामावर गेला आणि मी पेन ड्राइव्ह लावून बटणावर बोट ठेवून बसले. खाली जेसीबी घरघरत होता. दाबायला धीर होईना.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"ते खाली खोदतायत. लाइट गेली तर सगळं संपेल."

"थांब," म्हणाले, आणि चप्पल घालून निघाले. कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहून येतील असं मला वाटलं. थोड्या वेळाने जेसीबीची घरघर थांबली. मला वाटलं, जेवणाची सुट्टी झाली. हीच वेळ, असं म्हणून मी बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकू लागला.

मग मी खिडकीतून खाली पाहिलं.

दादा खड्ड्याच्या कडेला उभे होते. पाइप टाकायला पुरुषभर खोल चर खणला होता, आणि त्यावर टाकलेल्या फळीवरून ते पलीकडे निघाले होते. एक पाय फळीवर आणि दुसरा हवेत चाचपडत. त्यांना फळीची कड दिसत नव्हती हे मला वरून स्पष्ट दिसत होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दचकून पडले तर?

मी धावत सुटले. दार उघडं, दिवा लुकलुकतोय, कशाचंही भान नव्हतं. जिन्यावर माझ्या मनात फक्त ती फळी होती. कठडा धरून उतरत होते. खाली पोचले तर फळी रिकामी.

चरात डोकावायची हिंमत झाली नाही. "दादा!" असं ओरडले तो आवाज मला माझा वाटला नाही.

"आगं, हितं हाय मी!"

पलीकडे पाइपांच्या ढिगावर ते बसले होते. जेसीबीचा ड्रायव्हर त्यांचा दंड धरून उभा होता. तो मला रागावूनच म्हणाला, "ताई, आजोबांना दिसत नाय तर कशाला धाडता? मी उडी मारून धरलं म्हणून. तिकडून हात करून मशीन बंद कर, बंद कर म्हणत होते. मला वाटलं कुणी खाली पडलंय."

"मी नाही धाडलं हो," एवढंच म्हणाले आणि तिथेच मातीत बसले. रडू यायला लागलं.

दादा हळूच म्हणाले, "मला बसवंना तिथं. तू आशी भ्यायलेली, आन् उद्या माझं तसं. दोघांचं भ्या एका खोलीत मावंना बघ." मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "मुकादमी केलीय बाबा मी. थांब म्हटलं की लोक थांबायचे."

आम्ही लांबच्या वळशाने घरी आलो. मी त्यांचा हात सोडला नाही. वर आलो तर बोर्डावरचा दिवा विझला होता. छताचा पंखा चालू होता, पण तो इन्व्हर्टरवरही चालतो. काम पूर्ण होऊन दिवा थांबला की मधे वीज जाऊन आली, हे कळायला मार्ग नव्हता. मी दादांना पाणी दिलं, स्वतः प्यायले. मग कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. लाल ठिपका लागला. मी डोळे मिटून घेतले.

"उजेड पडला का गं?" दादा म्हणाले. "मला कायतरी पांढरं दिसतंय."

पडद्यावर अक्षरं आली होती.

पुढे कधीतरी वाचलं की त्या बटणाने चालणारं काम मधेच तुटलं तरी पुन्हा करता येतं. म्हणजे एवढं भ्यायचं कारणच नव्हतं. पण त्या दिवशी ते मला कोणी सांगितलं असतं तरी माझा विश्वास बसला असता, असं वाटत नाही.

रविवारी दादांना आत नेलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता गेले. मी बाहेर बाकावर बसले. शेजारची बाई जप करत होती. मला तेही सुचेना. थोड्याच वेळात ते डोळ्यावर पट्टी आणि वर जाळीची वाटी लावून बाहेर आले आणि म्हणाले, "लय वेळ नाय लागला. पण थंडगार वाटतं आत."

पट्टी काढल्यावर नवऱ्याने दादांना घरी आणलं तेव्हा मी कंत्राटदाराचं राहिलेलं चित्र पूर्ण करत होते. दादा पडद्यापुढे वाकले. ऑपरेशन झालेला डोळा त्यांनी हळूच पुढे आणला.

"ही कपाटं निळी हायेत व्हय?"

"हो. आधी काय दिसायची?"

"मातकट," ते म्हणाले. "मला वाटायचं, ही पोरगी सगळी घरं शेणानं सारवल्यासारखी का रंगवती?"

दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. दिवाळीनंतर बघू, म्हणाले. मी आग्रह केला नाही.