जांभळीखालची पिशवी

दिल्लीला जायचं ठरलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे यादी करायला बसले. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता. पुढचे शनिवार-रविवार होतेच, शिवाय मी आणि नवऱ्याने पुढेमागे रजा टाकल्या. सुती कपडे, छत्र्या, सासूबाईंच्या गोळ्या, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, गाडीत खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कोणत्या दिवशी काय बघायचं, तेही लिहून काढलं.

सासूबाईंना त्यातल्या एकाच ठिकाणाशी देणंघेणं होतं. त्यांचा पाठचा भाऊ सैन्यात होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याला घरच्यांनी शेवटचं पाहिलंही नाही. आधी तार आली, मग त्याची लोखंडी पेटी. दिल्लीत शहीद जवानांचं स्मारक आहे आणि तिथल्या भिंतीवर त्याचंही नाव कोरलेलं आहे, हे माझ्या मुलीने मोबाइलवर शोधून दाखवलं, तेव्हा सासूबाईंनी बोट ठेवून ते अक्षर न् अक्षर वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "मला तितं न्या. बाकीचं तुमी बघा."

वय पंचाहत्तर, गुडघे दुखरे. पुन्हा एवढा प्रवास त्यांच्याकडून होणार नव्हता. त्यामुळे बाकी काही हुकलं तरी हे हुकवायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

त्यांच्याकडे एक कापडी पिशवी होती, बरीच फुगलेली. सोलापूर स्टेशनवर मी ती घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी पिशवी दुसऱ्या बगलेत सरकवली.

"आत्या, काय आहे एवढं?"

"आसंल की काय बी. तुझ्या यादीतलं न्हाय."

मी हसून सोडून दिलं.

पंधरा ऑगस्टला दिल्लीने आम्हाला पहिला धक्का दिला. टीव्हीवर फक्त झेंडा आणि भाषण दिसतं. आम्हाला दिसले बंद रस्ते, लोखंडी अडथळे, वाळूच्या पोत्यांआड बंदूक धरून बसलेले जवान. सासूबाई रिक्षातून बघत होत्या. "आरं," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "हितं अजून लढाई चालू हाय का काय?"

"सण आहे म्हणून बंदोबस्त आहे, आई."

"सणाला बंदुका? आपल्याकडं झेंडावंदनाला जिलबी आसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्मारकावर गेलो. रस्त्याच्या कडेला जांभळीची मोठी झाडं, फूटपाथवर फुगेवाले, आणि पुढे तपासणीची रांग. नवरा पाण्याच्या बाटल्या आणायला गेला. मी रांगेत शिरले. सासूबाई माझ्या मागेच होत्या. निदान मी तसं समजत होते. मागे वळून पाहिलं तर त्या जरा उशिराने चालत येत होत्या. माझं लक्ष आधी त्यांच्या पायांकडे गेलं. पाय अनवाणी होते.

"आत्या, चपला कुठायत?"

"काढल्या की त्या झाडाखाली. आसल्या जागी चपला घालून जातंय व्हय कोण?"

"आणि पिशवी?"

"चपलांपाशीच. पैलं दर्शन घ्यावं, मग न्ह्यावी आत. कोण उचलतंय ती?"

आमच्याकडे हे अगदी बरोबर आहे. कोणत्याही देवळाच्या दारात जा, झाडाखाली चपलांचा ढीग आणि त्याला टेकवलेल्या पिशव्या दिसतील. आत जाऊन या, सगळं जागेवर असतं. पण ही दिल्ली होती, ऑगस्टचा हा आठवडा होता, आणि आदल्या दिवसापासून प्रत्येक खांबावरचा भोंगा ओरडून सांगत होता की बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा.

मी रांग सोडून मागे पळणार, तेवढ्यात शिट्टी वाजली.

त्यानंतर जे झालं ते फार झटपट झालं. फुगेवाले हटवले. माणसं मागे ढकलली. कोणीतरी आपलं पोर उचलून पळालं. जांभळीभोवती दोरी लागली. मोकळ्या जागेच्या मधोमध सासूबाईंच्या रबरी चपला आणि ती पिशवी. मग पोलिसांचा एक उंच काळा कुत्रा आला आणि पिशवीभोवती फिरू लागला.

रोज संध्याकाळी घरात दिवा लावणारी, मुंगीच्या वारुळालाही साखर टाकणारी माझी सासू. आणि तिच्या पिशवीला भिऊन शेकडो माणसं रस्त्यापलीकडे उभी होती.

मी दोरीपाशी जाऊन ओरडले, "साहब, हमारा है! बूढ़ी माँ का है!" आवाज माझाच होता, पण ओळखू येत नव्हता. सासूबाई माझ्या मागून थेट दोरीखाली वाकायला लागल्या. "ओ, कुत्र्याला बाजूला करा! बाटवंल की ते!" दोन महिला पोलिसांनी त्यांना धरलं. माझ्या सासूला पोलिसांनी दंडाला धरलेलं मी उभ्या जन्मात पाहीन असं वाटलं नव्हतं.

कुत्रा हुंगून शांत बसला. अधिकाऱ्याने आमची ओळखपत्रं पाहिली, मग सासूबाईंनाच पिशवी उघडायला सांगितली. त्यांनी गाठ सोडली आणि आतून काळी घोंगडी बाहेर काढली. जाडजूड, काठाला पांढरी रेघ. डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्यामागून मेंढरांचा.

"कंबल?" अधिकारी म्हणाला. "अगस्त में?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "सांग त्याला. माझ्या भावाचं हाय म्हणावं. सुट्टी संपवून जाताना म्हणला, आक्का, तिकडं लई गार हाय, सरकारी कांबळ्यानं भागत न्हाय. आबांनी आपल्या मेंढरांची लोकर कातरली, घोंगडं करून घेतलं. मागावरनं उतरलं आन् तार आली."

मी एकेक वाक्य हिंदीत करून सांगत होते. मी या घरात सून म्हणून आले त्याला आता मोठा काळ लोटला. घरातल्या प्रत्येक कपाटात काय आहे ते मला माहीत आहे, निदान माझा तसा समज होता. त्यांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत "जुनी लुगडी" आहेत, एवढंच मी धरून चालले होते.

अधिकाऱ्याने ओळखपत्रं परत केली. मग म्हणाला, घोंगडी यंत्रातून तपासून आत नेता येईल, पण तिथे ठेवता येणार नाही. आत काहीही ठेवून यायला मनाई आहे.

सासूबाईंना हे सांगणं मला जड गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

एव्हाना नवरा धापा टाकत पोचला होता. काय झालं ते त्याला कोणी नीट सांगितलं नाही. त्याने आईच्या हाताला धरलं आणि आम्ही आत गेलो. आत गोल फिरत गेलेल्या भिंती, आणि भिंतीभर नावं. नावाखाली नाव. एवढी माणसं! ऊन तापलं होतं, फरशी पोळत होती, सासूबाई अनवाणी चालत होत्या. मी टिपून आणलेल्या खुणेवरून भिंत शोधली. नाव माझ्या खांद्याच्या उंचीवर होतं.

त्यांनी ते तळव्याने पुसलं, धूळ नसताना. मग घोंगडी झटकली आणि भिंतीच्या पायथ्याशी पसरली, चारी कोपरे नीट ओढून. घरी पाहुणा आला की त्या अशीच सतरंजी टाकतात.

"बस की रं," त्या नावाकडे बघून म्हणाल्या. "किती उभा ऱ्हाशील?"

नवऱ्याने तोंड फिरवलं.

पहाऱ्यावरचा जवान आला. "माताजी, यहाँ कुछ रखना मना है."

"ठेवत न्हाय बाबा. बसायला टाकलंया."

मी सांगितलं, "रख नहीं रही हैं. बैठने के लिए बिछाया है."

"बैठेगा कौन?"

मी भिंतीकडे बोट केलं. त्याने नाव वाचलं, घोंगडीकडे पाहिलं, आणि मागून येणाऱ्या सहलीच्या घोळक्याला हात करून पलीकडच्या बाजूने वळवलं. मग तोही जरा लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला.

सासूबाई घोंगडीच्या बाहेर फरशीवर बसल्या. आबा गेले, मेंढरं विकली, विहिरीला यंदा पाणी बरं हाय, असं काय काय हळू आवाजात सांगत राहिल्या. मग स्वतःच उठल्या, घोंगडी झटकून घडी घातली. बाहेर आलो तर दोरी काढलेली होती, फुगेवाले परतले होते आणि चपला जांभळीखाली तशाच होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "कुणी न्हेल्या का?"

परतीच्या गाडीत वातानुकूलित डब्यात त्या दुपारीच कुडकुडायला लागल्या. मी रेल्वेची चादर पुढे केली. त्यांनी मान हलवली, पिशवीतून घोंगडी काढली आणि गळ्यापर्यंत पांघरली.

मी बघतच राहिले. एवढी वर्षं घडी न मोडलेली वस्तू!

"त्याचं बसून झालं," त्या म्हणाल्या. "आता मी घेते. हितं लई गार हाय."