द्वारकीचं अस्वल

कापूस वेचून घरी आलं की लुगड्याला चिकटलेली कुसळं काढत बसावं लागतं. सगळी निघाली म्हणून आडवं व्हावं, तर एक टोचतंच! आम्हा वेचणीच्या बायांचे किस्से तसेच. बाकीचे मी झटकले. द्वारकीचे निघत नाहीत.

*

वऱ्हाड नागपूरच्या सरकारखाली होता तेव्हाची गोष्ट. मेहकरकडं डोंगराला लागून शेत, शेवटची वेचणी. पोटाशी कापूस भरायचे ओटे, म्हणजे झोळ्या, बांधून आम्ही बाया कपाशीच्या ओळीत. द्वारकीचा नवरा संपत बांधावर कुंपणासाठी बाभळीच्या काट्या तोडत होता. द्वारकी बोरं तोडायला बोरीच्या दाट जाळीशी गेली आणि आतून अस्वल उठलं!

त्यानं गाल फाडला, कान तोडला, मग पोटावर पंजा घातला. पोट राहिलं बाजूला, कापूसच कापूस! नखांत कापूस, तोंडात कापूस. ते थुंकत बसलं, तोवर आम्ही ढेकळं फेकत, बोंबलत धावलो. ते पळालं.

कुऱ्हाड बाभळीच्या बुडाशी पडली होती. संपत वर होता.

*

द्वारकीला बैलगाडीत घातलं. मुकादमानं तिच्या ओट्यातला लाल झालेला कापूस पाहिला. म्हणाला, "हा पांढऱ्यात मिसळू नका बरं!"

मी म्हटलं, "मंग घरी ने, अन् तुह्या देवापुढं वात लाव!"

*

दवाखान्यात डॉक्टर गाल शिवत होते. तिला बोलती ठेवायला त्यांनी विचारलं, "बाई, नर होता की मादी?"

द्वारकी अर्ध्या तोंडानं म्हणाली, "इचारलं नाई साहेब. लय घाईत व्हतं ते."

*

घरी आणली तर सासूचा पहिला सवाल, "बुगडी कुठी हाय वं?"

"कानात हाय."

"अन् कान?"

"अस्वलाले इचारा!"

*

संपत चावडीवर सांगू लागला की कुऱ्हाड घेऊन त्यानंच अस्वल हाकललं. दौऱ्यावर आलेले साहेब खूश झाले, चारचौघांत त्याला पागोटं बांधलं! माझं डोकं तापलं. द्वारकीच्या चुलीशी जाऊन म्हटलं, "तू गप काऊन बसली? सांग ना गावाले!"

ती काटकी सारत म्हणाली, "तो बी भ्यालाच व्हता ना वं. मले अस्वलानं धरलं, त्याले भेवानं धरलं. मी सुटली. तो अजून सुटला नाई."

मी फुंकणी घेतली आणि तिची चूल फुंकायला लागले. 

*

पुढच्या हंगामात त्या जाळीकडं कोणी फिरकेना. द्वारकी सरळ गेली आणि बोरं खात परत आली.

"भेव नाई लागत?"

"लागते ना. पन त्यानं माहा गाल खाल्ला, मी त्याचे बोरं काऊन सोडू?"



*

सासूला ती चार लोकांत दाखवायची लाज वाटू लागली. "चेहरा गेला हिचा, दुसरी करून आन," असं टुमणं तिनं संपतच्या मागं लावलं. दुसरी आली की पहिलीनं गोठ्यात झोपायचं, हे आम्ही दोन घरांत पाहिलेलं. संपत हो म्हणेना, नाहीही म्हणेना.

साखरखेर्ड्याकडून एका पोरीचा बाप आला. संपत साहेबाचं पागोटं बांधून ओसरीवर बसला. मी आत द्वारकीजवळ होते. सासूनं दटावलं, "तू बाहीर येऊ नको!"

द्वारकीनं पाण्याचा तांब्या उचलला, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि बाहेर गेली.

पाहुणा दचकला. पण म्हातारा सरळ माणूस होता. पागोट्याकडं बोट करून म्हणाला, "बाई, तूच सांग. तुले अस्वलातून सोडवनारा हाच ना? माह्या पोरीले सांभाळीन ना हा?"

द्वारकीनं तांब्या त्याच्यापुढं ठेवला. "मानूस वाईट नाई, मामा. फकत पोरीले इचारून या, बाभळीवर चढता येते काय. अन् वर एकाचीच जागा हाय."

सासूचा हात तोंडावर गेला. म्हातारा संपतकडं पाहत राहिला.

संपतनं पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं. म्हणाला, "खरं हाय, मामा."