दगूभाऊंचा कान

दगूभाऊ आहिरे इंजिनाची तब्येत स्क्रू ड्रायव्हरने बघायचे. टोक सिलेंडरवर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, माणसाला उभ्या उभ्या डुलकी लागली. मग डोळे उघडून निदान सांगत. "भूक लागेल शे तिले" म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि "जास्त जेवनी ती" म्हणजे जास्त जातंय. इंजिनाला आजार हे दोनच, असं त्यांचं ठाम मत होतं. गाव नामपूर. सातपूरला येऊन वीस वर्षं झाली होती आणि माणसांशी ते आमच्यासारखंच बोलत, पण इंजिनाचा विषय निघाला की अहिराणीवर येत.

आम्ही एकाच कारखान्यात होतो, ते प्रेस शॉपला आणि मी इन्स्पेक्शनला. प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्र्यावर घण पडत असतात. तिथली माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात आणि घरी टीव्ही मोठ्याने लावतात. एकदा कॅन्टीनमध्ये दगूभाऊंनी मला वजन विचारलं. मी पन्नास किलो म्हणालो, तर म्हणाले, "मग रविवारी घरी ये, इन्स्पेक्टर." ज्या अंगकाठीपायी मला तीन मुलींनी नकार दिला होता, ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडणार होती.

घरी गेलो तर अंगणात एक लहानशी मोपेड, साठ सीसीची, भंगारातून आणलेली. तिला शर्यतीत उतरवायचं होतं आणि वर मी बसायचं होतं. आधी तिचे पेडल गेले, मग कॅरिअर, दिवे, मडगार्ड. दात घासायच्या ब्रशएवढ्या कानशीने दगूभाऊ सिलेंडरची भोकं रुंद करत बसायचे. एकेका भोकाला तीन-तीन रविवार. सिलेंडरचं वरचं झाकण लेथवर घेऊन अर्धा मिलिमीटर उतरवलं. सायलेन्सर पत्र्याचे शंकू जोडून घरीच बनवला, मधे पोट सुटलेला. वहिनी म्हणायच्या, यांनी माझ्याकडे एवढं निरखून कधी बघितलं नाही.

हा खटाटोप कपासाठी नव्हता. पुण्याहून शर्यतींना येणारा एक गॅरेजवाला होता, स्वतःच्या तीन गाड्या पळवणारा. त्याने दगूभाऊंना शब्द दिला होता, की गाडी पहिल्या तिनांत आणा आणि माझ्याकडे या, फक्त इंजिनं बांधायची. दगूभाऊंना प्रेस शॉपमधून सुटायचं होतं. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. "तिथं अजून दोन वर्षं काढली तर मी कामातून जाईन." मला वाटलं, पाठ धरत असेल.

त्या वर्षी ते मला शिकवायला लागले. म्हणजे मला तसं वाटलं. स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावत आणि म्हणत, "काय सांगी राहिनी ती, आयक." मी सांगत असताना ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत. शर्यतीच्या आदल्या रविवारी त्यांनी वहिनींना सांगितलं, याचा कान आता माझ्यासारखा झाला. मी आठवडाभर हवेत होतो.

शर्यत शहराबाहेरच्या एका मातीच्या मैदानावर होती. वेग मिळावा म्हणून दगूभाऊंनी जेट एका नंबराने बारीक घातला होता. जेट म्हणजे पेट्रोल जायचं पितळी भोक. बारीक केलं की गाडी पळते, फारच बारीक झालं की आतून जळते. सकाळी सरावाच्या दोन फेऱ्या मारून आलो. इंजिन चालूच होतं, त्यांनी मूठ माझ्या कानाला लावली. आवाजाच्या तळाशी मला टकटक ऐकू आली, भिंतीपलीकडून कुणी नखाने वाजवावं तशी. नक्की काय ते कळेना. पण कळत नाही असं म्हणालो असतो, तर आठवडाभर मिरवलेला कान गेला असता. मी म्हणालो, "पोट भरलंय तिचं." त्यांनी मान हलवली आणि हात पुसले.

पाचव्या फेरीला मी तिसरा होतो. सरळ पट्ट्यावर इंजिन जाम झालं, मागचं चाक जागीच थांबलं आणि मी उडालो. खांद्याचं हाड मोडलं. बक्षिसं वाटायच्या आधीच तो गॅरेजवाला निघून गेला.

चार दिवसांनी दगूभाऊ जळका पिस्टन घेऊन माझ्या घरी आले. "तुझा दोष नाही, इन्स्पेक्टर," म्हणाले. "उभ्या गाडीवर तू ऐकलं ते बरोबरच असणार. पळताना तिला कमी पडलं. जेट माझा होता." मग बराच वेळ पिस्टन हातात फिरवत राहिले. "खरं सांगू? मले आयकू येत नही. दीड वर्ष झालं. तुझ्याच कानावर होतो." गळ्यात हात बांधून मी समोर बसलो होतो. त्याच क्षणी बोलायला हवं होतं, आणि मी बोललो नाही. मी भ्यालो.

पुढे साठ सीसीची शर्यतच बंद झाली. मग तसली इंजिनंही रस्त्यावरून गेली. दगूभाऊ प्रेस शॉपमध्येच राहिले, कारखान्याने सक्तीने घरी बसवेपर्यंत. मग गावी गेले.

ते वारले त्याच्या आदल्या वर्षी मी मुद्दाम नामपूरला गेलो. ओट्यावर बसलो होतो. वहिनींनी चहा दिला. दगूभाऊंनी माझा खांदा चाचपून बघितला आणि हाड कसं जुळलंय ते विचारलं. कप हातात घेऊन, मान खाली घालून मी सांगून टाकलं. "दगूभाऊ, त्या दिवशी टकटक मला ऐकू आली होती. मी खोटं बोललो."

"खाली बघून नको बोलू, इन्स्पेक्टर," ते म्हणाले. "तोंड दिसू दे. काय म्हणालास?"

मी वर बघितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, अगदी मन लावून.

"चहा छान झालाय म्हटलं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. आत हाक मारून त्यांनी माझ्यासाठी आणखी अर्धा कप मागवला.