काकूंचा कित्ता

अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या संस्थेत काकू बावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होत्या. तो कॉम्प्युटर माउसला भीक घालत नसे. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी, तेव्हा साहेब हलणार! नवं माणूस आलं की चार दिवसांत हात टेकायचं. म्हणून एका सकाळी देवापुढे हात जोडून काकूंनी माहितीपत्रक लिहायला घेतलं. आपण शेजारी बसून सांगतोय, इतकं सोपं.

नको असलेलं फोल्डर कसं पुसायचं, तिथे उदाहरण हवं होतं. बोटं आपसूक चालली आणि रोजच्या सवयीचं नाव कागदावर उतरलं.

ते फोल्डर काकांचं. काकूंचे यजमान संस्थेसाठी वाचायचे. शेवटचं पुस्तक एकशे चाळिसाव्या पानावर राहिलं आणि ते गेले. अर्धवट पुस्तक कुणाला देत नाहीत, म्हणून त्याची दुसरी प्रतही काढलेली नव्हती. काकू मात्र रोज दुपारी ते ऐकायच्या. त्यात वाचता वाचता काकांना ठसका लागायचा, "अगं, पाणी दे जरा," म्हणायचे. काकूंचा जीव त्या ठसक्यात होता.

पत्रक तपासायला बसल्या त्या नुकत्याच मदतीला येऊ लागलेल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत. काकूंना मध्येच फोन आला. परतल्या, तर बाईंची कळी खुललेली.

"झालं बघा! पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. कुठ्ठे अडले नाही. द्या मार्क!"

"पुसायचंसुद्धा केलंत? काय पुसलंत?"

"काय म्हणजे? तुम्ही लिहिलंय तेच."

काकूंनी पडद्यावर ते नाव शोधलं. नव्हतं. "अहो, ते नुसतं उदाहरण होतं. तिथे आपल्याला हवं ते नाव घालायचं."

"मग तसं लिहायला नको? चाळीस वर्षं मी पोरांना कित्ता गिरवायला लावला. समोर असेल तस्संच उतरवायचं."

दुरुस्तीवाला आला, तासभर खटपट करून त्यानं नकारार्थी मान हलवली. काय गेलं, ते बाईंना त्याच्याकडूनच कळलं.

"पाप झालं हो माझ्या हातून."

"तुमच्या कसलं? लिहिलं मी."

दुसऱ्या दिवशी काकूंनी एक रिकामं फोल्डर तयार केलं, उदाहरणात त्याचं नाव घातलं आणि वर ठळक लिहिलं, 'हे नाव जसंच्या तसं टाइप करू नका. जे पुसायचं, त्याचंच नाव इथे घाला. पुसलेलं परत येत नाही.' मग बाईंना बोलावलं.

"मी नाही बसणार."

"बसा. तुम्ही तपासलं नाहीत, तर उद्या दुसऱ्या कुणाचं जाईल."

बाईंनी बोट टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. "हे रिकामंच आहे ना, काकू?"

"रिकामंच आहे. दाबा."

फोल्डर पुसलं गेलं. बाई चष्मा काढून डोळे टिपू लागल्या. काकूंनी पत्रक पुढे ओढून पुढची ओळ मोठ्यानं वाचायला घेतली.