लाल खुणेची गाणी

समाधानचं डोकं तापलं की तो बोलत नाही, हे जळगावच्या पिंप्राळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलणारा माणूस परवडला, तो एकदा ओकून मोकळा होतो. हा मात्र आत साठवून ठेवतो, आणि फटका कुणाला बसायचा तो भलत्यालाच बसतो.

अकरा वर्षं तो हळदीला, वरातीला, जयंतीच्या मिरवणुकीला डीजे वाजवत होता. ट्रक, स्पीकर, जनरेटर सगळं चंदनचं. गाणी मात्र समाधानची. सुरुवात दोघांनी एकाच हातगाडीवर केली होती. पुढे चंदनला सासऱ्याने हात दिला, हातगाडीचा ट्रक झाला आणि मित्राचा मालक झाला. लोकांसमोर तो समाधानला ‘आमचा ऑपरेटर’ म्हणू लागला. समाधानने तेही गिळलं, कारण मशीनवर त्याच्याशिवाय कुणाचा हात बसत नव्हता.

चार हजार गाणी, आणि नुसती भरून ठेवलेली नव्हेत, एकेक राखलेलं. गाणं कुठून उचलायचं आणि कुठे सोडायचं, तिथे त्याची खूण. शेजारी मराठीत शेरा: ‘मामा नाचायला आल्याशिवाय पुढे जाऊ नये.’ काही गाण्यांना लाल रंग दिलेला. लाल म्हणजे आधी शेरा वाच, मग हात लाव. एका गावी एका गाण्यावर भाऊबंदांनी खुर्च्या उडवल्या होत्या, ते लाल. दुसऱ्या एका गाण्यावरून वरबाप रुसून मांडवाबाहेर गेला होता, तेही लाल. आणि एक धुळ्याच्या भागाबाईंसाठी. त्यांचा मुलगा राजदीप मित्राच्या हळदीत त्या गाण्यावर घामाघूम होईस्तोवर नाचला आणि घरी परतताना हायवेवर अपघातात गेला. त्या गाण्यापुढे समाधानने लिहिलं होतं, आणि भागाबाईंना तसा शब्दही दिला होता: ‘भागाबाईंच्या दारी कधीच नाही.’

दिवाळीला चंदनने नवे प्लेअर आणले. नवे प्लेअर आणि जुनं सॉफ्टवेअर म्हणजे दोन सवती, एकीने रांधलेलं दुसरी ताटात घ्यायला तयार नाही. चंदन म्हणाला, “बठ्ठी लायब्ररी नव्यात टाक, एक बी गानं सुटाले नको. तुलेच जमी ते.”

पंधरा दिवस समाधान गोदामात लॅपटॉपपुढे बसला. गाणी गेली, याद्या गेल्या. खुणाही गेल्या, पण केसभर सरकून. ढोल पडायच्या आधीच गाणं उचललं जाई. मग चार हजार गाणी कानाने ऐकत त्याने एकेक खूण जागेवर आणली. रंग काही आलेच नाहीत, ते पुन्हा हाताने दिले. शेरे लॅपटॉपवर दिसत होते, पण प्लेअरच्या पडद्यावर मराठी उमटेना, नुसते चौकोन. असू देत, म्हणाला, मला पाठ आहेत.

सोळाव्या दिवशी चंदन एकाला घेऊन आला.

“हाऊ भूषण, पाचोऱ्याना. पुण्याले कोर्स करीसन येल शे. उद्यापासून मशीनवर हाऊ बसी. तू वायरिंग देख.”

समाधान लॅपटॉपची वायर गुंडाळू लागला. भूषण बिचारा सरळ माणूस. त्याने विचारलं, “भाऊ, हे लाल रंगाचं काय आहे?”

“तुमच्या कोर्सात नाही शिकवलं?”

“हिट गाणी असतील,” भूषण हसून म्हणाला.

समाधानने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कपडे झटकले आणि निघाला. मनात म्हणाला, वाजव लेका, आणि बघू दे चंदनला मजा. वायरिंगलाही तो परत गेला नाही. तीन आठवडे तो खुर्च्या उडाल्याच्या बातमीची वाट पाहत राहिला. एका गावात चंदनच्या ट्रकची काच फुटल्याचं कळलं, त्या दिवशी त्याने एकाला दोन चहा घेतले. असा आनंद चांगल्या माणसाला होत नाही, पण त्याला झाला.

मग संघमित्राच्या हळदीचं आमंत्रण आलं. संघमित्रा भागाबाईंची धाकटी, राजदीपची बहीण. नवा शर्ट घालून समाधान दुपारच्या एसटीने धुळ्याला गेला. जय भीम झाला, भागाबाईंनी हात धरून आत नेलं, पाणी दिलं. बाहेर येऊन पाहतो तर गल्लीच्या तोंडाशी चंदनचा ट्रक.

तो तडक ट्रककडे गेला. भूषणने मान वर केली, पण चंदनने मध्ये हात आडवा घातला.

“मशीनले हात नही लावाना. पाहुणा शेस ना तू? जेवीसन जाय.”

भोवतीचे चार जण हसले. एकच वाक्य बोलायचं होतं, फलाणं गाणं लावू नका एवढंच. ते जिभेवर आलंही होतं. पण पंधरा दिवसांचं गोदाम आणि अकरा वर्षांचं ‘आमचा ऑपरेटर’ एकदम आडवं आलं. मरू दे, म्हणाला, आणि मांडवात खुर्चीवर जाऊन बसला.

बायका नाचायला उठेनात, तेव्हा भूषणने लाल गाणं काढलं.

पहिल्याच ठोक्याला समाधानने ओळखलं, राजदीपचं गाणं. गाणं अगदी जागेवर उचललं गेलं होतं, केसभरही इकडेतिकडे नाही. ठेका चढला आणि मधेच स्पीकरमधून आरोळी आली, “डीजे समाधान, जळगाव!” आपल्या प्रत्येक गाण्यात त्याने स्वतःच्या आवाजात ती भरलेली होती, कुणाला काढता येणार नाही अशा जागी. ट्रक चंदनचा, बटण भूषणने दाबलेलं, आणि सगळ्या गल्लीने नाव ऐकलं समाधानचं.

कुणी भांडलं नाही. हळदीने माखलेली संघमित्रा तोंड झाकून खाली बसली. भूषणने घाबरून गाणं तोडलं. भागाबाई माणसांतून वाट काढत समाधानपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“तूच सांगेल व्हतं ना, हाई गानं आठे कधी वाजाव नही?”

“मी नही लावं, मावशी.”

“आवाज ते तुनाच शे.”

समाधानने चंदनकडे पाहिलं. चंदनला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. भूषणलाही नव्हतं. साऱ्या मांडवात ते एकाच माणसाला माहीत होतं. भूषणचं नाव घेऊन सुटता आलं असतं, पण मावशीच्या डोळ्यांपुढे ते जमेना.

“माले माहीत व्हतं,” तो म्हणाला. “ते लावतीन, हाई माहीत व्हतं. मी बोलनू नही.”

भागाबाईंनी आवाज चढवला नाही.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “राजदीपना घरमा नको बसू.”

समाधान उठला.