सात नंबरच्या ओट्याचं तिकीट

दैवशालाला लहानपणापासून एक खोड. रस्त्यानं जाणारं माणूस कुठं निघालंय आणि कशाला निघालंय, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. आईनं त्यापायी तिला पुष्कळ धपाटे घातले. पुढं ती एसटीत कंडक्टर झाली आणि त्याच खोडीचा तिला दरमहा पगार मिळायला लागला. ‘कुठं जायचंय?’ हा प्रश्न आता सरकारी झाला होता.

तिची गाडी भोकरदन आगाराची, आणि सासर हसनाबादचं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, ते वर्ष तिनं डोळे भरून पाहिलं. ज्या बायांनी कधी केदारखेड्याचा थांबा ओलांडला नव्हता, त्या थेट जालन्याला निघाल्या. कुणी बहिणीकडं, कुणी डोळे दाखवायला, कुणी नुसतंच ‘जाऊन येते’ म्हणून. बाया खिडकीशी आणि गडी दांडीला लोंबकळलेले, असं चित्र रोजचं झालं. दैवशालानं त्यावरून मनाशी एक सिद्धांत बांधला, की भाव अर्धा केला म्हणजे बाया घराबाहेर पडतात. सिद्धांत खोटा नव्हता. फक्त तो एसटीपुरता होता, आणि हे कळायला तिला फुटबॉल बघावा लागला.

हसनाबादेत फुटबॉल कुठून आला याच्या तीन-चार हकिकती आहेत, आणि सांगणारा प्रत्येकजण दुसऱ्याला खोटं पाडतो. आला एवढं खरं. तालुक्याची एक लीग निघाली, तिचा एक ‘ब’ गट निघाला, आणि वरच्या गटात ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं असे चार गावांचे संघ त्यात पडले. सामने व्हायचे बाजारतळावर. आठवडी बाजार नसला की तिथं कुत्री झोपायची. रविवारी ती हाकलून चुन्याच्या रेघा मारायच्या. एका बाजूला पत्र्याच्या सावलीत भाजीवाल्यांचे सिमेंटचे ओटे होते, ग्रामपंचायतीनं त्यांच्यावर नंबर घातलेले. बघणाऱ्यांनी तिथं बसायचं. उरलेल्या तीन बाजूंना कनात. कनात मंडपवाल्या रामरावांची. लीगचे अध्यक्षही रामरावच, कारण कनात त्यांची.

माणूस वाईट नव्हता. चेंडू फाटला तर स्वतःच्या खिशातून आणायचा. पण तिकीट वीस रुपये ठेवलं होतं आणि त्यात खर्च भागायचा तो पाच वाजताच्या मुलांच्या सामन्यावर. त्याआधी साडेतीनला मुलींचा सामना व्हायचा, त्याला बघायला चिटपाखरू नसे. सावलीला दहा-पाच गडी दुपारपासून ओट्यांवर आडवेतिडवे पसरून पत्ते कुटत असत, पण त्यांच्या पाठी मैदानाकडं. त्यांना प्रेक्षक म्हणायचं तर कुत्र्यांनाही म्हणावं लागलं असतं.

दैवशालाची मुलगी तृप्ती ह्या मुलींच्या संघाची गोलकीपर. रविवारी दैवशालाला सुट्टी, आणि रिकाम्या हातानं बसणं तिच्या स्वभावात नाही, म्हणून कनातीच्या तोंडाशी तिकिटं फाडायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. हंगाम निम्मा सरला तशी रामरावांनी बैठक बोलावली. ते म्हणाले, पोरींच्या घरच्या बायाच जर बघायला येत नसतील तर परक्यांनी का यावं? आणखी चार रविवार बघू. बघणारं कुणी आलं नाही तर मुलींचा गट बंद.

तृप्ती त्या संध्याकाळी जेवली नाही. दैवशालानं ताट पुढं केलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “हरतो म्हणून बंद केलं असतं तर चाललं असतं, मम्मी. कुणी बघतच न्हाई म्हणून बंद?”

हे दैवशालाला लागलं. तिनं आपला सिद्धांत बाहेर काढला आणि रामरावांकडून बायकांना अर्धं तिकीट करून घेतलं. पहिल्या रविवारी दोन बाया आल्या. त्यातली एक शेळी शोधत आली होती. दुसऱ्या रविवारी दैवशालानं बायकांना बिलकुल फुकट करून टाकलं, तर त्या दोघीही आल्या नाहीत. शेळी सापडली असावी. तिसऱ्या रविवारच्या आधी तिनं रिक्षावर भोंगा बांधून गावभर ओरडून घेतलं. बायांनी दारात उभं राहून ऐकलं, येतो येतो म्हणाल्या आणि आत गेल्या. खुद्द तिच्या सासूचं, साळूबाईचं घर बाजारतळाला लागून. ती म्हणाली, जाईन की, फुकटच तर हाये, कुठं पळून चाललंय. आणि घरातच बसली.

आता दैवशालाला रागापेक्षा नवलच जास्त वाटायला लागलं. गाडीत ओळखीची बाई चढली की तिकिटाबरोबर ती विचारायची, का आली न्हाईस? उत्तरं ठरलेली. भाकरी होत्या, धुणं होतं, लेकरू रडत होतं. पण ह्याच बाया त्याच भाकरी बांधून आणि तेच रडकं लेकरू काखेत मारून जालन्याला जात होत्या. मग गावातल्या गावात, शंभर पावलांवर, फुकटात यायला काय झालं? तिला हे कोडं काही सुटेना. बद्रीनाथ, तिचा नवरा, म्हणाला की बायांना फुटबॉलच आवडत नसंल. दैवशाला म्हणाली, बघितल्याशिवाय न आवडायला तो काय दोडका आहे?

त्याच आठवड्यात भंवरीबाई गाडीत चढल्या. हसनाबादला कापडाचं दुकान असलेल्या गोपीकिशनजींच्या त्या आई. पंचाहत्तरी ओलांडलेली, म्हणून गाडीत त्यांना तिकीट माफ. मशीनमधून शून्य रुपयांचा कागद तेवढा निघायचा. त्या खिडकीशी बसल्या. पुढच्या थांब्यावर एक धडधाकट पोरगा चढला, तिकीट काढून उभा राहिला, आणि त्यानं काही म्हणायच्या आत भंवरीबाई गुडघ्यावर हात टेकत उठायला लागल्या.

दैवशालानं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. विचारलं, काकी, उठलात कशाला? तो तरणाताठा आहे.

भंवरीबाई ओशाळून हसल्या. “पैसे देत होते ना बेटा, तेव्हा खिडकी माझी होती. आता फुकटात बसते. कुणी उभं दिसलं की वाटतं, आपणच उठावं.”

दैवशालानं पुढच्या दोन माणसांना सुट्टे पैसे चुकीचे दिले. तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी आली, चप्पल काढली आणि तशीच साळूबाईसमोर जाऊन बसली. साळूबाई मिरच्यांची देठं खुडत होती. गुडघे धरायच्या आधी तिनं सारी उमर ह्याच बाजारात मिरच्या विकल्या होत्या, सात नंबरच्या ओट्यावर बसून. दैवशालानं विचारलं, आत्या, नात खेळते ती बघावी वाटत न्हाई का? खरं सांगा.

साळूबाईनं हातातल्या मिरचीचं देठ खुडलं. मग म्हणाली, “वाटतं की. पण तिथं गडी पाय पसरून बसलेले असतेत. मी काय त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहू? बाजाराच्या दिशी पाटील जरी माझ्या वट्ट्यावर टेकला ना, तरी उठवायची मी त्याला. पावती असायची माझ्याकडं. फुकट बसलेल्याला कुनीबी उठवतं, बाई.”

दैवशालाला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं तिकिटं फाडली आणि तिकीट म्हणजे काय हे आपल्याला सासूनं सांगावं! गाडीत मोठा साहेब चढला तरी तिकीट काढलेल्या म्हातारीला कुणी उठवू शकत नाही, हे ती रोज बघत होती. आणि बायांवर उपकार करायला निघाली होती, त्या नादात त्यांच्या हातातली पावतीच तिनं काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं रामरावांना गाठून सांगितलं, की चौथ्या रविवारी बायकांना पुरे वीस रुपये, गड्यांइतकेच, आणि प्रत्येक तिकिटावर ओट्याचा नंबर. रामराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. ज्या फुकट आल्या नाहीत त्या वीस रुपये मोजून येतील होय? पण चार रविवारांचा शब्द त्यांनीच दिला होता, म्हणून म्हणाले, करा काय करायचं ते.

बाजाराच्या दिवशी दैवशालानं रजा टाकली. ग्रामपंचायतीचा माणूस ओट्याओट्यावर पावत्या फाडत पुढं निघाला आणि ती त्याच्या मागं मागं. भाजीवाल्या बायांना फार समजवावं लागलं नाही. रविवारी दुपारी हाच ओटा तुझा, कुणी बसलं असलं तर उठवायचं, एवढं म्हटलं की बाई मान वर करून बघायची. मग कमरेची पिशवी सुटायची आणि बाई म्हणायची, माझाच दे, शेजारचा नको. घासाघीस झालीच. पंधराला मागितलं, दोन तिकिटं मिळून तीसला मागितली. एसटीत घासाघीस चालत नाही, असं दैवशालानं ठणकावलं. भंवरीबाईंनी एक आपलं आणि एक नातसून कनिकाचं घेतलं. घरी साळूबाईला तिनं तिकीट तसंच देऊ केलं, तर सासूनं पदराची गाठ सोडून वीसची नोट तिच्या हातावर ठेवली. संध्याकाळपर्यंत एकही ओटा उरला नाही.

तरी रविवारी तीनला दैवशाला खपलेल्या तिकिटांची अर्धुकं पुन्हा पुन्हा मोजत होती. तिकिटं खपणं वेगळं आणि माणसं येणं वेगळं. कनातीच्या तोंडाशी ती एकटीच उभी, आत पत्त्यांचा डाव रंगलेला, आणि ऊन तापलेलं. तृप्ती दोन बांबूंच्या मधे उभी राहून सारखी दाराकडं बघत होती. दैवशाला तिच्याकडं बघायचं टाळत होती.

सव्वातीनला पहिली बाई आली, मग तिघी, मग घोळकाच. एक सांगत होती, सासूनंच हाकललं मला, म्हणाली वीस रुपये वाया घालवती का. दैवशालाला हसू आवरेना. फुकटच्या मॅचला जाते म्हणायला बाईकडं तोंड नव्हतं. पैसे मोजल्यावर ते कामच झालं, आणि कामाला जाणाऱ्या बाईला कोण अडवतं?

आत ओट्यांवर जुंपली. तिकिटं नाचवत बायांनी पत्तेवाल्यांना उठवलं. बदाम सात अर्धाच राहिला. सात नंबरच्या ओट्यावर मात्र पत्तेवाला नव्हता. तिथं रामराव चहाची बशी घेऊन पाय पसरून बसले होते.

साळूबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “भाऊ, उठा. हा वट्टा माझाय.”

“मावशी, अध्यक्ष हाये मी,” रामराव हसत म्हणाले.

“असान. तिकीट कुठंय?”

आजूबाजूच्या बाया वळून बघायला लागल्या. रामरावांनी दैवशालाकडं पाहिलं. तिच्या मनात बरंच काही आलं. कनात त्यांची, गट त्यांच्या हातात. पण तोंडातून निघालं ते रोजच्या सवयीचंच.

“गाडी फुल झाली, रामरावभाऊ. उभ्यानं यावं लागंल. वीस रुपये.”

रामरावांनी चहा संपवला, बशी पुसल्यासारखी करून खाली ठेवली, खिशातून नोट काढून दिली आणि आपल्याच कनातीच्या खांबाला टेकून उभे राहिले.

सामना धावड्याच्या मुलींशी होता. सुरुवातीला बाया देवळात बसल्यासारख्या गुमान बसल्या. मग साळूबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “समद्या पायानं खेळून राह्यल्या, मंग आपलीच हातानं का धरती?” भंवरीबाईंना माहीत नव्हतं. कनिकालाही नाही. विचारणा खांबापर्यंत गेली आणि रामरावांना सांगावं लागलं. त्यांनी एक सांगितलं तर दहा प्रश्न आले. चेंडू रेघेबाहेर गेला तर कुणाचा, शिट्टीवाला कुणाच्या गावचा, पडली तिला उचलायला आई गेली तर चालतं का. अध्यक्ष सामना संपेपर्यंत घसा फोडून सांगत होते, आणि चेहऱ्यावरून त्यांना ते कडू वाटत नव्हतं.

हसनाबाद हरलं, दोनास एक. दुसरा गोल तर तृप्तीच्या दोन पायांमधून गेला. तेव्हा ओट्यावरून आवाज आला, “पाय जोड की गं, भवाने!” तृप्तीनं वळून पाहिलं. सात नंबरवर आजी उभी होती, हातात तिकीट, पदर खांद्यावरून ओघळलेला. पोरगी बघतच राहिली आणि त्या नादात तिसरा गोल होता होता राहिला. कनातीच्या तोंडाशी उभ्या दैवशालाला रडू फुटलं. दोन गोल खाल्ल्यावर गोलकीपरच्या आईनं रडणं रीतीलाच धरून होतं, म्हणून तिनं ते दडवलं नाही.

सामना संपला. मुलांचा सामना बघायला गडी आत यायला लागले आणि बाया बोलत बोलत बाहेर पडल्या. तृप्ती दाराशी बाटलीनं पाणी पीत थांबली होती. कुणाला काही विचारायची तिची छाती होत नव्हती. सगळ्यांत शेवटी रामराव आले, कमरेवर हात ठेवून, एकेक पाय झटकत. दैवशालासमोर थांबले, बाहेर जाणाऱ्या घोळक्याकडं पाहिलं आणि खिशात हात घातला.

“ताई, पुढल्या रईवारी पोरींच्या मॅचचं एक बसायचं ठिवा आपल्याला. आत्ताच पैसे घ्या. जल्दी संपून जातेत.”

तृप्तीची बाटली तोंडाशीच राहिली. मागून येणाऱ्या साळूबाईनं आपलं तिकीट पदराच्या गाठीत घट्ट बांधलं आणि सुनेला बजावलं, “दे त्याला. पण सात नंबर सोडून.”